कापुटचे लाकडी घर

१४ मार्च १९२९ रोजी आल्बर्ट आइन्स्टाइन यांना पन्नास वर्षे पुरी झाली. १९१४ पासून ते बर्लिन शहरी राहत होते. आपल्या या जगद्विख्यात नागरिकाचा काही सन्मान करावा असे बर्लिनच्या महापालिकेस वाटले, यात नवल नव्हते. आइन्स्टाइन यांना मेजवान्या आणि मानपत्रे यांचा कंटाळा. आवड म्हणाल तर शिडाच्या होडीची आणि निवांतपणाची. तेव्हा शहराच्या पश्चिमेस हाफेल नदी जेथे सरोवरांसारखी विस्तीर्ण होते, तेथे काठावरचे एक घर त्यांना भेट द्यावे असे ठरले. बातमी वृत्तपत्रांत झळकली, दात्याची स्तुती झाली. ते घर मात्र कोणी नीट जाऊन पाहिले नव्हते.

आइन्स्टाइन यांच्या पत्नी एल्सा ते पाहावयास गेल्या, तो घरात दुसरेच बिऱ्हाड नांदत होते; आणि त्या मंडळींना तेथे राहण्याचा हक्क कराराने मिळालेला होता. महापालिका ओशाळली. तिने त्याच उद्यानातील मोकळी जागा देऊ केली. तर येथे दुसरी इमारत होऊ देणार नाही, असे शहरानेच पूर्वीच्या मालकाला लिहून दिलेले निघाले. आणखी एका जागेचेही असेच काहीसे झाले. शेवटी जागा तुम्हीच निवडा, किंमत आम्ही देऊ, असा निरोप आला. एल्साबाईंनी पॉट्सडामजवळच्या कापुट या खेड्यातली, रानाच्या कडेची, उतारावरची आणि खाली पाणी दिसणारी एक जागा पसंत केली. मग नगरसभेत खर्चाचा प्रश्न निघाला, राष्ट्रवादी पक्षाकडून अशा देणगीस हरकत घेतली गेली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. 'घर पहावे बांधून' ही म्हण आपल्याकडे बांधणाऱ्याला उद्देशून आहे. घर देणाऱ्यालाही ती लागू पडते, हे बर्लिनकरांनी दाखवून दिले.

आइन्स्टाइन यांनी महापौरांना पत्र लिहून भेट साभार नाकारली. कचेऱ्यांचा कारभार सावकाश चालतो, माणसाचे आयुष्य त्या मानाने थोडे असते आणि वाढदिवस तर होऊनही गेला, असा त्या पत्राचा आशय होता. कापुटची जागा त्यांनी स्वतः विकत घेतली. जागा आणि घर यांत त्यांची बहुतेक शिल्लक संपली. जगात ज्याच्या नावाचा डंका वाजत होता त्या मनुष्याने आयुष्यात बांधलेले हे पहिलेच घर. आणि ते लाकडाचे असावे, हा त्याचा आग्रह होता.

आजच्या वाचकाला या आग्रहात काही विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळच्या जर्मनीत लाकडी घराला फारशी प्रतिष्ठा नव्हती. घर म्हणजे विटांचे किंवा दगडाचे. लाकडाचा तो केवळ आडोसा, गवळ्याचा गोठा किंवा शिपायांची छावणी, अशी सामान्य समजूत होती. महायुद्धानंतर कोळसा आणि विटा दुर्मिळ झाल्या तेव्हा लोकांनी लाकडाची घरे बांधली खरी, पण त्यामुळे गरिबीचा शिक्काच अधिक गडद झाला. लाकूड जळते, कुजते, भेगाळते, त्याच्या फटींतून वारा शिरतो, असे आक्षेप होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. मात्र त्यांपैकी निम्मे दोष लाकडाचे नसून ओल्या लाकडाचे होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती.

ती ज्यांना पक्की ठाऊक होती अशांपैकी एक म्हणजे कोनराड वाक्समान. १९०१ साली ओडर नदीवरील फ्रांकफुर्ट येथे जन्मलेले हे गृहस्थ प्रथम सुतारकाम शिकले आणि मग स्थापत्याकडे वळले. हान्स पोल्सिग या नामांकित स्थापत्यकाराचे ते शिष्य. १९२६ पासून ते नीस्की गावच्या 'क्रिस्टोफ उंड उन्माक' या कारखान्यात होते आणि अल्पावधीत तेथील मुख्य स्थापत्यकार झाले. वर सांगितलेला भेटीचा घोळ चालू असतानाच त्यांनी वृत्तपत्रात वाचले की, आइन्स्टाइन यांना लाकडी घर हवे आहे. ओळख ना देख, चिठ्ठी ना चपाटी. अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण सरळ मोटार घेऊन बर्लिनला आइन्स्टाइन यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. एल्साबाईंनी त्याचे ऐकून घेतले आणि त्याच्याच मोटारीतून जाऊन जागा दाखविली. रात्रीतून आराखडे काढून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर झाला, असे वाक्समान यांनीच पुढे सांगितले आहे. काम त्यांना मिळाले.

नीस्कीच्या त्या कारखान्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. डेकर नावाच्या एका डॅनिश लष्करी अधिकाऱ्याने सुटी करून कोठेही नेता येईल आणि पुन्हा उभी करता येईल अशी छावणीची खोली शोधून काढली होती. तिचे हक्क या कंपनीने घेतले. १८८५ साली अँटवर्प येथे रेडक्रॉसच्या विद्यमाने फिरत्या रुग्णालयासाठी उत्तम इमारत कोणती याची स्पर्धा झाली. जर्मनीची सम्राज्ञी आउगुस्टा हिने ठेवलेले त्या स्पर्धेचे पारितोषिक डेकरच्या या खोलीस मिळाले. तेव्हापासून हा कारखाना भरभराटीस आला. महायुद्ध संपल्यावर छावण्यांची मागणी घटली, तेव्हा त्याने कायमच्या घरांकडे मोर्चा वळविला आणि १९२० नंतरच्या दशकात युरोपातील लाकडी घरांच्या मोठ्यांतल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. जखमी सैनिकांच्या निवाऱ्यातून जी विद्या निघाली, तीच पुढे एका शास्त्रज्ञाच्या विश्रांतिस्थानाच्या उपयोगी पडली.

आता घर कारखान्यात करावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे? येथेच लाकूड वाळविण्याचा प्रश्न येतो; आणि तो समजल्यावाचून कापुटच्या घराचे मर्म कळणार नाही.

झाड तोडले म्हणजे ते मेले खरे, पण त्याचे लाकूड पुढे कित्येक महिने हलत राहते. ताज्या तोडलेल्या पाइन किंवा फर वृक्षाच्या बाहेरच्या भागात कोरड्या लाकडाच्या वजनाइतके, क्वचित त्याहूनही अधिक, पाणी असते. त्यातील काही पाणी लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळीत असते. ते निघून गेले तर ओंडका हलका होतो, पण त्याचे आकारमान बदलत नाही. पाण्याचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपास आले की मग नळ्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते आणि तेथून लाकूड आखडावयास लागते. बरे, ते सर्व बाजूंनी सारखे आखडत असते तरी सुताराचे काम सोपे होते! खोडातील वर्तुळांच्या रोखाने ते जितके आखडते, त्याच्या सुमारे निम्मेच ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत आखडते; आणि लांबीच्या बाजूस जवळजवळ मुळीच आखडत नाही. या विषमतेमुळे फळीला बाक येतो, वाशाला पीळ पडतो, खांबाला उभी चीर जाते. वीस सेंटिमीटर रुंदीची ओली फळी घरात लावून वाळू दिली, तर ती सात-आठ मिलिमीटरांनी आकसू शकते. अशा दहा फळ्यांची भिंत केली, तर तिच्या फटींतून थंडीचा वारा येईल नाही तर काय होईल?

यावरचा जुना उपाय म्हणजे धीर. लाकूड कापून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत थप्पी लावून ठेवावयाची आणि वाट पाहावयाची. जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा ढोबळ हिशेब युरोपातले सुतार करीत. आपल्याकडे कोकणात लाकूड पाण्यात किंवा तळ्याच्या चिखलात काही महिने बुडवून ठेवण्याची आणि नंतर सावलीत वाळविण्याची रीत आहे. त्यामुळे त्यातील रस धुऊन निघतो आणि किडीचे भय कमी होते, असा अनुभव आहे. सागवानासारखे जात्याच शहाणे लाकूड ज्यांना लाभले त्यांना एवढ्याने भागते. पाइन आणि फर यांचे तसे नाही. शिवाय आजोबांनी झाड तोडावे आणि नातवाने घर बांधावे, ही चाल कारखान्याला परवडणारी नव्हती.

म्हणून भट्टी आली. भट्टी हे नाव ऐकून डोळ्यांपुढे जाळ उभा राहतो. पण लाकूड वाळविण्याची भट्टी म्हणजे एक बंद खोली असते. तीत वाफेच्या नळांनी उष्णता देतात आणि हवा खेळती ठेवतात. यातली खुबी अशी की, पाणी काढण्यासाठी जी खोली तापवावयाची तीतच आरंभी मुद्दाम दमट हवा ठेवतात. हे उलटे वाटेल. परंतु कोरड्या उष्ण हवेत लाकडाची बाहेरची कड आधी सुकते आणि आखडू पाहते. आत मात्र ते ओलेच असते आणि जागा सोडीत नाही. या ओढाताणीत बाहेरून भेगा पडतात. वाफेने हवा ओलसर ठेवली म्हणजे बाहेरची कड बेताने सुकते आणि आतल्या पाण्याला बाहेर येण्यास अवसर मिळतो. पुढे हळूहळू उष्णता वाढवून दमटपणा कमी करीत न्यावयाचा. हवेतील उष्णतेइतकाच तिचा ओलावाही हाती पाहिजे, हे तत्त्व शास्त्रीय पायावर मांडणाऱ्यांत अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेचे हॅरी टीमन हे प्रमुख होत. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९१७ साली निघाला. जे काम उघड्यावर वर्ष-दोन वर्षे घेते, ते अशा भट्टीत काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत होते.

घाई तेवढी झाली म्हणजे पुरते, असेही नाही. लाकूड किती वाळवावयाचे हे त्याला जेथे आयुष्य काढावयाचे आहे तेथल्या हवेवरून ठरवावे लागते. फार कोरडे केले तर ते घरात गेल्यावर हवेतील ओल पिऊन फुगते आणि दारे अडकू लागतात. पावसाळ्यात आपल्या घरची कपाटे हेच करतात. कापणाऱ्या कारागिराइतकाच भट्टी राखणारा मनुष्यही म्हणूनच जाणता असावा लागतो. त्याची चूक महिन्यानंतर, दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच्या घरात उघडकीस येते.

गवंड्याचे काम जागेवर चालते. भिंत वाकली तर तो ओळंबा लावून सरळ करतो, वीट बसली नाही तर फोडून बसवितो. नीस्कीहून कापुट सुमारे दोनशे किलोमीटर दूर. नीस्कीत खाच पाडावयाची, कुसू तासावयाचा, फळी रंधून घ्यावयाची, आणि ते सारे कापुटच्या उतारावर नेऊन एकमेकांत घालावयाचे. मधल्या काळात लाकूड हलले तर सगळेच मुसळ केरात! मोजमाप कारखान्यात आणि बांधणी जागेवर, ही नवी रीत शक्य झाली ती लाकूड आधीच पुरते हलून-आखडून स्वस्थ झालेले असेल या भरवशावर.

वाक्समान यांनी १९३० साली लाकडी घरांच्या बांधणीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ते तीन पद्धती सांगतात: ओंडके आडवे रचून केलेले घर, तयार तावदानांचे घर आणि उभ्या-आडव्या वाशांचा सांगाडा करून त्याला फळ्या मारलेले घर. पहिल्या प्रकारात सगळी आकुंचने एकावर एक साठतात आणि अख्खे घर बसते. खिडक्यांवर त्यासाठी मोकळी जागा सोडावी लागते. सांगाड्याच्या घरात भार उभ्या खांबांवर असतो आणि लाकूड लांबीत आखडत नाही, म्हणून ते आपली उंची राखते. आइन्स्टाइन यांच्यासाठी त्यांनी हा सांगाड्याचाच प्रकार पत्करला. बाहेरून आडव्या फळ्या, आतून लाकडाचेच अस्तर आणि मध्ये थंडी अडविणारा थर, अशा त्याच्या भिंती होत्या.

वाक्समान नव्या वळणाचे. त्यांचा ओढा सपाट छपराकडे. घरमालकास मात्र तपकिरी लाकूड, पुढे आलेले कौलारू छप्पर आणि जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या उंच खिडक्या हव्या होत्या. तडजोड अशी निघाली की, निजावयाच्या खोल्यांवर कौले आली आणि बैठकीच्या खोलीवर सपाट गच्ची झाली. दोन्ही पक्षांची थोडी थोडी हार झाल्यामुळेच की काय, घर देखणे झाले. सामानसुमानाच्या बाबतीत आइन्स्टाइन हटले नाहीत. नव्या पद्धतीच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या वाक्समान सुचवीत होते. त्यांकडे पाहून कारखान्याची किंवा शस्त्रक्रियेच्या खोलीची आठवण होते, असे म्हणून आइन्स्टाइन यांनी त्या नाकारल्या आणि घरातले जुनेच सामान आणून ठेविले. ज्याने काळ आणि अवकाश यांची जुनी घडी मोडली, त्याला खुर्ची मात्र जुनीच बरी वाटली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कुटुंब राहावयास आले. घरात दूरध्वनी घेतला नव्हता. खाली सरोवरात मित्रांनी पन्नासाव्या वाढदिवसास दिलेली 'ट्युमलर' नावाची शिडाची होडी होती. वसंत लागला की आइन्स्टाइन कापुटला येत आणि थंडी पडेपर्यंत राहत. माक्स प्लांक, माक्स फॉन लाउए यांसारखे शास्त्रज्ञ, हाइनरिख मान यांच्यासारखे साहित्यिक, केथे कोलवित्स यांच्यासारख्या चित्रकर्त्री त्या लाकडी खोलीत येऊन बसल्या.

१४ जुलै १९३० रोजी त्याच घरी रवींद्रनाथ ठाकूर आले. सत्य हे मनुष्यावाचून असू शकते काय, हा त्या भेटीतील संवादाचा विषय होता. सौंदर्य मनुष्याच्या मनावाचून नाही, हे आइन्स्टाइन यांनी मान्य केले. सत्याविषयी मात्र ते ऐकेनात. त्यांनी उदाहरण दिले ते हाताशी असलेल्या वस्तूचेच: या घरात कोणी नसले तरी ते टेबल जेथल्या तेथेच राहणार. रवींद्रनाथांचे म्हणणे असे की, एकट्या माणसाच्या मनाबाहेर ते राहील, विश्वमनाच्या बाहेर नाही. वाद मिटला नाही, मिटण्यासारखा नव्हताच. पुढे रवींद्रनाथांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवधर्मावरील व्याख्यानांच्या ग्रंथास तो संवाद जोडला.

घरात कोणी नसण्याची वेळ फार लवकर आली. डिसेंबर १९३२ मध्ये आइन्स्टाइन कॅलिफोर्नियातील व्याख्यानांसाठी निघाले. घर बंद करताना त्यांनी पत्नीला म्हटले की, एकदा नीट पाहून घे, हे पुन्हा दिसणार नाही. ही आठवण त्यांचे चरित्रकार व मित्र फिलिप फ्रांक यांनी नमूद केली आहे. एल्साबाईंना ते बोलणे अतिशयोक्तीचे वाटले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर अधिकारावर आला. मार्चमध्ये आइन्स्टाइन युरोपास परतले ते बेल्जममध्ये उतरले, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यांनी प्रशियाच्या विज्ञान अकादमीचा राजीनामा पाठविला. जर्मनीच्या भूमीवर त्यांनी पुन्हा पाय ठेविला नाही. कापुटच्या घराची शस्त्रांसाठी झडती झाली. सापडली ती पाव कापण्याची सुरी, असे सांगतात. जूनमध्ये होडी जप्त झाली आणि १९३५ साली घरही सरकारजमा झाले.

त्याआधी ते घर शेजारच्या शाळेकडे गेले होते. गेर्ट्रूड फायरटाग या शिक्षिकेने १९३१ साली कापुट येथे ज्यू मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. इतर शाळांतून ज्यू मुलांची हकालपट्टी होऊ लागली तशी तिच्या शाळेत गर्दी वाढली आणि जागा अपुरी पडू लागली. तेव्हा आइन्स्टाइन यांच्या रिकाम्या घरात मुलांचे वर्ग भरू लागले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी जमाव शाळेवर चालून आला आणि मुलांना व शिक्षकांना पळावे लागले. फायरटागबाईंना १९४३ साली आउशवित्सच्या छळछावणीत ठार मारण्यात आले. घराच्या इतिहासात शास्त्रज्ञांच्या आणि कवींच्या भेटी नेहमी सांगितल्या जातात. ही बाई आणि तिची मुले त्या भेटींमागे झाकली जातात, हे बरे नव्हे.

त्यानंतर घर सरकारी कामांसाठी वापरले गेले. युद्ध संपले, देश दुभंगला, कापुट पूर्व जर्मनीत गेले. घरात भाडेकरू राहिले. आइन्स्टाइन १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टन येथे वारले. वाक्समान यांनाही परागंदा व्हावे लागले होते. १९४१ साली ते अमेरिकेत पोहोचले, त्यात आइन्स्टाइन यांनी केलेल्या मदतीचा वाटा होता. तेथे त्यांनी वाल्टर ग्रोपियस यांच्यासह कारखान्यात तयार होणाऱ्या घराची योजना आखली. यंत्रणा अप्रतिम, पण धंदा बुडाला. १९७९ साली, आइन्स्टाइन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वाक्समान पूर्व जर्मनीत आले. त्याच वर्षी तेथील विज्ञान अकादमीने घराची दुरुस्ती केली. पुढच्याच वर्षी वाक्समान लॉस एंजलिस येथे निवर्तले.

१९९० साली जर्मनी एक झाल्यावर घर कोणाचे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. वारस अनेक, कागद जुने. १९२९ च्या घोळाची आठवण व्हावी असा हा दुसरा घोळ चौदा वर्षे चालला. अखेरीस २००४ साली जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाकडे मालकी गेली. पॉट्सडामच्या आइन्स्टाइन फोरम या संस्थेने घराची निगुतीने डागडुजी करविली आणि २००५ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडले. कौले, रंग, काही फळ्या यांची वेळोवेळी डागडुजी झाली आहे. सांगाडा नीस्कीहून आलेला, तोच आहे.